ट्विन-टिप हवी, पण दाबलेल्या उतारावर नीट वळणारी: नाशिकहून स्की निवडण्याचा अनुभव

नाशिकमध्ये स्कीचं दुकान नाही, भाड्यानं देणारं कुणी नाही, आणि बर्फ जवळच्या जवळ म्हणजे थेट हिमालयात. तरीही दर हिवाळ्यात इथून गुलमर्ग, औली, सोलंगला जाणारी माणसं आहेत. त्यांतल्या काहींच्या मनात कधी ना कधी येतंच, की आता भाड्याच्या पुरे, स्वतःच्या घेऊ. माझ्या मनात ते मार्च २०२४ मध्ये पक्कं झालं आणि स्की घरी आल्या नोव्हेंबरात. मधल्या काळात मला जे जे शोधावं लागलं ते मराठीत एका जागी मिळालं नाही, म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे. खर्च आणि कागदपत्रांसकट.

आधी माझी गरज सांगते, कारण निवड तिथूनच ठरते. मी सातपूरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात काम करते. स्कीइंग शिकले गुलमर्गच्या आयआयएसएममध्ये, म्हणजे केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतल्या स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्थेत. आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधली नवखी मुलं बर्फावर येतात तेव्हा पहिल्या सौम्य उतारावर त्यांच्यासोबत मी असते. त्यांच्याकडे तोंड करून, स्वतः उलटं उतरत, हातवारे करत त्यांना खाली आणायचं. याला स्विच जाणं म्हणतात. साध्या स्कीचं शेपूट सपाट असतं, उलटं जाताना ते बर्फात रुततं. ट्विन-टिपची दोन्ही टोकं वर वळलेली असतात, त्यामुळे मागे जाणं सोपं होतं.

पण मुलं चहाला बसली की मला कार्व्हिंग करायचं असतं. स्की कडेवर उभी करायची आणि जराही न घसरता त्या धारेनं बर्फ कापत वळण घ्यायचं. यंत्रानं दाबून सपाट केलेल्या उतारावर, सकाळी बर्फ कडक असताना, याच्याइतका आनंद मला दुसऱ्या कशात मिळत नाही.

या दोन गरजा एकमेकींच्या विरोधात जातात असं सगळे सांगत होते. मार्च २०२४ मध्ये गुलमर्गला भाड्यानं घेतलेल्या ट्विन-टिपनं तसंच दाखवलं. गोंडोलाच्या, म्हणजे केबल कारच्या, पहिल्या टप्प्यावर कोंगडोरीला सकाळचा उतार कडक होता. वळणाची सुरुवात ठीक व्हायची, पण वळण संपवताना शेपूट बाहेर निसटायचं. मागे वळून पाहिलं की बर्फावर दोन बारीक रेघांच्या जागी फराटा दिसायचा. तिथल्या प्रशिक्षकानं स्की हातात घेऊन टोक दाबून पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, ये तो पार्क की स्की है. जंप के लिए." पार्क म्हणजे उड्या आणि कसरतींसाठी बांधलेला उतार. मग त्यानं बाइंडिंगकडे, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाकडे, बोट दाखवलं. ते जवळजवळ स्कीच्या मधोमध बसवलेलं होतं. त्याच्या त्या दोन वाक्यांनी माझं काम सुरू झालं.

एप्रिल-मे मी आकड्यांत घालवले. दुकान नव्हतं, पण कंपन्या प्रत्येक स्कीची मापं जाहीर करतात, आणि मापं वाचणं हा माझा रोजचा धंदा आहे.

थोडा इतिहास इथे उपयोगी पडतो. पूर्वीच्या स्की जवळपास सरळसोट असत. एलान कंपनीची एससीएक्स १९९३ मध्ये आली. तिची टोकं रुंद, कंबर अरुंद होती, आणि अशा आकारामुळे सामान्य स्कीअरलाही कार्व्ह जमू लागलं. सालोमनची टेनएटी आली १९९८ मध्ये. दोन्ही टोकं वळवलेली ही स्की उड्या आणि उलट्या लँडिंगसाठी होती, आणि तिच्यामुळे ट्विन-टिप सगळीकडे पसरली. म्हणजे ट्विन-टिपचा जन्म पार्कसाठी झाला. मऊपणा, मध्यावरचं बाइंडिंग, वळणाची मोठी त्रिज्या हे सगळं तिच्यासोबत पार्कमधून आलं. वर वळलेल्या शेपटासाठी यांतलं काहीच आवश्यक नाही. ही गाठ सुटली तेव्हा मला हुरूप आला, कारण आता शोधायचं काय ते स्पष्ट झालं होतं: शेपूट ट्विन-टिपचं आणि मधला सगळा भाग कार्व्हिंगच्या स्कीचा.

आता ती मापं.

पहिलं माप कंबरेची रुंदी, म्हणजे बुटाखालचा सर्वात अरुंद भाग. अरुंद स्की एका कडेवरून दुसऱ्या कडेवर पटकन येते आणि कडक बर्फावर गुडघ्याला कमी ताण देते. ताज्या खोल बर्फात रुंद स्की तरंगते. स्लॅलम शर्यतीच्या स्की ६५ ते ७० मिलिमीटरच्या असतात, खोल बर्फाच्या १०० च्या वर. दाबलेल्या उतारावर बहुतेक वेळ जाणार असेल तर ८० ते ९० मध्ये शोधावं, असं माझं ठाम मत झालं आहे. सोय अशी की मॉडेलच्या नावातला आकडा बहुधा हाच असतो. फोल्कल रिव्होल्ट ८६, एलान प्लेमेकर ९१, लाइन क्रॉनिक ९४, आर्माडा एआरव्ही ९४ ही सगळी ट्विन-टिपची नावं. पानभर जाहिरात वाचण्याआधी तो आकडा वाचावा.

दुसरं साइडकटची त्रिज्या. स्कीची कड पूर्ण सरळ नसते, ती एका मोठ्या वर्तुळाचा तुकडा असते. त्या वर्तुळाची त्रिज्या स्कीवर मीटरमध्ये छापलेली असते. स्लॅलमच्या स्कीची १२-१३ मीटर, पार्कच्या ट्विन-टिपची बऱ्याचदा १८ ते २१. स्की जितकी कडेवर झुकवाल तितकं वळण आवळत जातं. ढोबळ गणित असं, की छापील त्रिज्येला झुकावाच्या कोनाच्या कोसाइननं गुणायचं. १६ मीटरची स्की ४५ अंशांत झुकवली तर वळण सुमारे ११ मीटरचं होतं. गुलमर्गचे दाबलेले पट्टे फार रुंद नाहीत, म्हणून मला १५ ते १७ मीटर हवी होती.

त्रिज्या छापलेली नसेल तर ती काढता येते. मी एक्सेलमध्ये साधं सूत्र घातलं. टोक आणि शेपूट यांच्या रुंदीची सरासरी घ्यायची, तीतून कंबर वजा करायची आणि निम्मं करायचं, ही झाली कडेची खोली. बर्फाला टेकणाऱ्या लांबीचा वर्ग या खोलीच्या आठपटीनं भागला की त्रिज्या. उदाहरणार्थ १२८-८८-११६ मिलिमीटरच्या स्कीची खोली १७ मिलिमीटर. टेकणारी लांबी १.४५ मीटर धरली तर त्रिज्या येते साडेपंधरा. तेवढ्याच लांबीत १२६-९६-१२० असेल तर खोली साडेतेरा आणि त्रिज्या साडेएकोणीस. दुसरी स्की हातात धरल्यावर पहिलीपेक्षा फार वेगळी दिसत नाही, पण उतारावर चार मीटरचा फरक पायाला कळतो.

या सूत्रातली टेकणारी लांबी हीच ट्विन-टिपमधली कळीची गोष्ट. शेपूट वर वळलेलं असल्यामुळे १७० सेंटिमीटरच्या ट्विन-टिपची कड १७० च्या सपाट शेपटाच्या स्कीपेक्षा कमी टेकते. म्हणून ट्विन-टिप थोडी लांब घ्यावी. माझी उंची १६३. भाड्यानं मी नेहमी १५८-१६० च्या स्की घ्यायचे. तक्त्यात माझ्यासाठी १६४ ते १७० ची रेघ आखली.

तिसरं, बाजूनं दिसणारा आकार. दोन्ही स्की तळाला तळ लावून उभ्या धरल्या की मध्ये फट दिसते, तो कॅम्बर. उभं राहिल्यावर ही कमान दबते आणि कड दोन्ही टोकांपर्यंत बर्फावर दाबली जाते, पकड तिथून येते. टोकं जर लवकरच एकमेकींपासून दूर जाऊ लागली तर तो रॉकर, खोल बर्फात आणि उलटं फिरताना सोयीचा. मला बुटाखाली भरपूर कॅम्बर, पुढे थोडा रॉकर आणि शेपटाकडे अगदी किंचित रॉकर हवा होता. पूर्ण रॉकरच्या स्की मी सरळ यादीतून काढल्या.

चौथं पिळाला असलेला कडकपणा. हे माप कुणी छापत नाही. कंबर गुडघ्यांत धरून टोक दोन्ही हातांनी पिळायचं. सहज पिळलं तर कडक बर्फावर टोकाची कड सुटणार. लाकडी गाभ्याच्या वरखाली टिटानलचा, म्हणजे एका मजबूत अ‍ॅल्युमिनिअम मिश्रधातूचा थर असेल तर पीळ कमी होतो आणि थरथर दबते. काही ट्विन-टिपमध्ये हा थर फक्त बुटाखाली असतो. माझ्या वजनाला तो पुरेसा वाटला.

पाचवं बाइंडिंगची जागा. पार्कच्या स्कीवर ते मध्यापासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटर मागे, उताराच्या साध्या स्कीवर दहा-बारा सेंटिमीटरपर्यंत मागे. बूट मागे गेला की पुढचा भाग लांब होतो आणि वळणाच्या सुरुवातीला टोक बर्फ धरतं. बूट मध्यावर आला की स्विच सोपं होतं. मला पाच-सहा सेंटिमीटर मागे हवं होतं, पण हे आकड्यावरून नक्की करवेना. इथे कागदाची हद्द संपली. बर्फावर उभं राहणं भाग होतं.

ऑगस्टमध्ये ऑफिसनं म्युनिकजवळच्या प्रशिक्षणासाठी माझं नाव पाठवलं, तारीख ४ ते १५ नोव्हेंबर २०२४. म्युनिकहून इन्सब्रुक रेल्वेनं दोन तासांवर, आणि इन्सब्रुकजवळची स्टुबाई हिमनदी नोव्हेंबरात चालू असते. मी पुढे दोन-तीन दिवस रजा मागितली.

व्हिसाबद्दल थोडक्यात. जर्मनीचा शेंगेन व्हिसा ऑस्ट्रियालाही चालतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या मुंबई केंद्राची वेळ मिळाली. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसनं गेले. शुल्क ९० युरो (११ जून २०२४ पासून ८० चे ९० झाले) आणि वर केंद्राचा सेवा आकार. आमंत्रण पत्र, ऑफिसचं पत्र, तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा, आणि रजेच्या दिवसांसाठी इन्सब्रुकचं हॉटेल बुकिंगही जोडलं. फिरायला थांबणार असाल तर ते अर्जात लिहावं, लपवू नये. बोटांचे ठसे आधी दिलेले असतील तर ५९ महिने चालतात. पासपोर्ट दोन आठवड्यांत कुरिअरनं गंगापूर रोडला घरी आला. ते पाकीट उघडेपर्यंत छातीत धडधडत होतं, हे सांगायला हवं.

विम्याची एक गोष्ट मात्र नीट पाहा. साध्या प्रवास विम्यात हिवाळी खेळ बहुधा वगळलेले असतात. मी पॉलिसीचं बारीक अक्षर वाचलं आणि स्कीइंगसाठी वेगळं कव्हर जोडलं. ते आखलेल्या, उघड्या उतारांपुरतंच होतं. मला तेवढंच हवं होतं. दोरीबाहेर जाणाऱ्यांनी वेगळी चौकशी करावी.

माझे बूट मी सोबत नेले. स्कीपेक्षा बूट महत्त्वाचे, हे मी कुणालाही सांगेन. बुटाच्या टाचेजवळ कोरलेली सोलची लांबी टिपून ठेवा, माझी २९५ मिलिमीटर आहे. सोलचा प्रकारही पाहा. माझा ग्रिपवॉक, म्हणजे चालायला थोडा गोलाई दिलेला. त्याला त्या खुणेचंच बाइंडिंग लागतं.

शनिवारी, १६ नोव्हेंबरला पहाटे इन्सब्रुकहून बस धरली. सव्वा तासात खालचं स्टेशन, तिथून गोंडोला वर. भाड्याच्या दुकानात चाचणीच्या स्की वेगळ्या लावलेल्या असतात. एका भाड्यात दिवसभर बदलून घेता येतात. साध्या भाड्यापेक्षा महाग, पण माझ्यासारखीला याहून चांगला खर्च नाही. काउंटरवर जाताना संकोच वाटत होता. आजूबाजूची माणसं लहानपणापासून बर्फावर वाढलेली, आणि मी नाशिकहून एक्सेलचा कागद घेऊन आलेली. तिथल्या तंत्रज्ञानं तो कागद घेतला, सूत्राची ओळ पाहिली, मान हलवली आणि रॅकमधून स्की काढायला लागला. संकोच तिथेच संपला.

मी एकच उतार निवडला आणि प्रत्येक स्की त्याच उतारावर, त्याच क्रमानं चालवली. आधी लांब कार्व्ह, मग आखूड वळणं, मग स्विच. खाली थांबून बर्फावरच्या रेघा पाहायच्या आणि लिफ्टमध्ये बसून फोनमध्ये टिपायचं. दोन स्कींमध्ये वीस मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं की पाय विसरतात, शिवाय बर्फ बदलतो. म्हणून पहिली आवडलेली स्की दुपारी पुन्हा एकदा घ्यावी.

सुरुवात केली ७८ मिलिमीटरच्या, सपाट शेपटाच्या उताराच्या स्कीनं. ती घेण्यासाठी नव्हती, मापाचा काटा म्हणून होती. रेघा अप्रतिम आल्या, धारेवर ठेवलं की हलायची नाही. स्विच जाताना मात्र शेपूट रुतलं. मग ९६ ची पार्ककडे झुकणारी ट्विन-टिप. उलटं जाताना मजा आली, पण कार्व्ह संपताना तोच ओळखीचा फराटा. गुलमर्गला जे झालं ते माझ्या पायांमुळे की स्कीमुळे, हा प्रश्न मनात होता. तो तिथे सुटला.

नंतर ८८ ची ट्विन-टिप, बुटाखाली कॅम्बर आणि धातूचा थर, लांबी १६२. पहिल्याच वळणात कडेनं बर्फ धरला. आखूड वळणं सोपी, स्विच सोपं. वेग वाढवला की टोकं थोडी थरथरली. तीच स्की १७० मध्ये मागितली. थरथर गेली, वळण शेवटपर्यंत धरून राहिलं, दोन्ही रेघा स्वच्छ. लांबी वाढली की त्रिज्याही वाढते: १६२ वर १५.४ छापलं होतं, १७० वर १६.८. हे लक्षात ठेवा, कारण कॅटलॉगमध्ये बहुधा एकाच लांबीची त्रिज्या असते.

मग बाइंडिंगची जागा. चाचणीच्या स्कीवर बाइंडिंग रुळावर असतं, पुढेमागे सरकतं. कंपनीनं सुचवलेली रेघ मध्यापासून साडेपाच सेंटिमीटर मागे होती. तंत्रज्ञानं ते दोन सेंटिमीटर पुढे घेतलं. स्विच हलकं झालं, पण कडक बर्फावर वळणाची सुरुवात बोथट वाटली. सुचवलेल्या रेघेवर परत आणलं आणि टोक पुन्हा बोलायला लागलं. उलटं जाताना शेपूट तरीही रुतत नव्हतं. ही चाचणी विकत घेण्याआधीच करावी. एकदा भोकं पाडली की नव्यांना जुन्यांपासून पुरेसं अंतर लागतं, नाहीतर गाभा कमजोर होतो.

रविवारी ऑस्ट्रियात दुकानं बंद. सोमवारी सकाळी इन्सब्रुकमधल्या दुकानात गेले. तीच स्की आदल्या हंगामाच्या रंगात, १७० मध्ये, ४२९ युरोला होती. नव्या रंगाची जवळपास दोनशे युरो जास्त. मापं दोन्हींची तीच आहेत का हे मी छापील आकड्यांवरून तपासलं, कारण नाव तेच ठेवून आकार बदलल्याची उदाहरणं आहेत. बाइंडिंग १४९ युरो, त्याच्या ब्रेकची (बूट सुटल्यावर स्की थांबवणाऱ्या काट्यांची) रुंदी ९५ मिलिमीटर. ब्रेक कंबरेएवढा किंवा थोडा रुंद असावा. फार रुंद असला तर झुकताना बर्फाला लागतो.

बाइंडिंग लावताना फॉर्म भरावा लागतो: वजन, उंची, वय, सोलची लांबी आणि स्कीइंगचा प्रकार. यावरून आयएसओ ११०८८ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे सुटण्याचा आकडा, म्हणजे किती जोर आला की बाइंडिंग बूट सोडेल ते, काढतात. वजन खरं सांगा. हा आकडा पाय वाचवतो. लावून झाल्यावर त्यांनी मशीनवर बूट पिळून ते ठरल्या ताकदीला सुटतं का हे पाहिलं आणि छापील कागद दिला. तो मी जपून ठेवला आहे. कडांचा कोन मी तळाला १ अंश आणि बाजूला २ अंश ठेवायला सांगितला. पार्कसाठी टोकाच्या कडा बोथट करतात. "मला नको" असं स्पष्ट सांगितलं.

कराचा परतावा. ऑस्ट्रियात किमतीत २० टक्के व्हॅट असतो आणि ७५ युरोंहून मोठ्या खरेदीवर युरोपबाहेर राहणाऱ्याला तो परत मागता येतो. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्यायचा, आणि शिक्का युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर घ्यायचा. माझ्यासाठी तो म्युनिक. आधी विमान कंपनीच्या काउंटरवर बॅगेला टॅग लावून घ्यायचा, बॅग तिथे न सोडता कस्टम्सकडे न्यायची, स्की दाखवायच्या, शिक्का, मग बॅग सोडायची. याला तासभर जास्त ठेवा. एजन्सीचं शुल्क कापून मला सुमारे ७५ युरो परत आले.

स्कीची बॅग सामानात कशी मोजतात हे प्रत्येक विमान कंपनीचं वेगळं. मी आठवडाभर आधी ईमेल करून लेखी उत्तर घेतलं होतं आणि त्याचा प्रिंट काउंटरवर दाखवला.

मुंबई विमानतळावर मी लाल मार्गानं, म्हणजे शुल्क लागणारं सामान जाहीर करणाऱ्यांच्या मार्गानं, गेले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे युरोपहून परतणाऱ्या भारतीय रहिवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतचं सामान शुल्कमाफ आणि वरच्या रकमेवर ३८.५ टक्के शुल्क होतं. माझं बिल ५७८ युरो, म्हणजे बावन्न हजारांच्या आसपास. अधिकाऱ्यांनी बिल पाहिलं, बॅग उघडायला लावली, विचारलं, "हे विकायला आणलंय का?" बाइंडिंग माझ्या बुटाच्या मापाला लावलेलं आहे हे मी बूट लावून दाखवलं. आठशेच्या आत शुल्क भरलं, पावती घेतली. घाबरण्यासारखं काही झालं नाही, पण तिथे उभी असताना हात गार पडले होते. बिल छापील आणि तुमच्या नावाचं असू द्या. पावती पुढच्या परदेश प्रवासात सोबत न्या, म्हणजे त्याच वस्तूवर पुन्हा प्रश्न येत नाही. नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर ताजे पाहावेत.

घरी आईनं बॅग उघडून स्की उभ्या करून पाहिल्या. म्हणाली, "अगं, या तुझ्यापेक्षा उंच आहेत!" आणि मग हळूच विचारलं, "पण पाय सुटतो ना गं यातून, पडलीस तर?" मशीनचा कागद तिला वाचून दाखवला.

त्या हिवाळ्यात काश्मीरमध्ये बर्फ उशिरा पडला. गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धाही फेब्रुवारीतून मार्च २०२५ मध्ये ढकलल्या गेल्या. आम्हीही आमच्या तारखा मार्चवर नेल्या. ओझरहून दिल्ली, दिल्लीहून श्रीनगर. देशांतर्गत विमानात लांब बॅगेचं खेळाच्या साहित्य म्हणून वेगळं शुल्क लागतं, ते आधीच भरलं. बाहेरचं प्रीपेड सिम काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. टंगमर्गच्या वर बर्फ असेल तर चाकांना साखळ्या लावलेली गाडी घ्यावी लागते.

कोंगडोरीला सकाळी पहिल्या गोंडोलातून वर गेले. आदल्या वर्षीचाच उतार, तसाच कडक. डावं वळण, उजवं वळण, खाली थांबून मागे पाहिलं. रेघा शेवटपर्यंत दोनच होत्या. मी तिथे बराच वेळ उभी राहिले, इतका आनंद झाला होता. दुपारी खालच्या उतारावर मुलांसमोर उलटी उतरले आणि सगळं लक्ष त्यांच्या गुडघ्यांवर ठेवता आलं, स्वतःच्या शेपटावर ठेवावं लागलं नाही.

मर्यादा आहेतच. एका रात्री चांगला बर्फ पडला, तेव्हा दुसऱ्या दिवशी न दाबलेल्या भागात या स्की लवकर बुडायला लागल्या आणि पोटऱ्या भरून आल्या. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यानं अफरवटला जाऊन खोल बर्फात उतरणाऱ्यांनी १०० च्या पुढचं काही घ्यावं. आणि काचेसारख्या गोठलेल्या तुकड्यांवर ती ७८ ची स्की माझ्या स्कीपेक्षा सरसच होती. हे मला मान्य आहे, कारण माझे बहुतेक तास दाबलेल्या उतारावर आणि मुलांबरोबर जातात.

आता नाशिकच्या पावसाळ्याचं. कडा पोलादाच्या असतात आणि जून ते सप्टेंबरच्या दमट हवेत त्यांना गंज लवकर धरतो. एप्रिलमध्ये परत आल्यावर कडा डायमंड स्टोननं साफ केल्या, ८८ अंशांच्या गाइडमध्ये फाइल धरून धार सरळ केली. तळावर आणि कडांवर वॅक्सचा जाड थर चढवला आणि तो न खरवडता तसाच ठेवला. घरची इस्त्री वापरू नका, तिचं तापमान वरखाली होतं आणि तळाचं पॉलिथिलीन जळू शकतं. मी वॅक्सची इस्त्री इन्सब्रुकहूनच आणली होती. नंतर तो थर खरवडण्यासाठी ५ मिलिमीटर जाडीची अ‍ॅक्रिलिकची पट्टी अंबडला कापून घेतली. स्की धरून ठेवायचा लाकडी घोडा पंचवटीतल्या सुतारानं चित्र पाहून बनवला. स्की प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्या तर आत ओल साठते, म्हणून कोरड्या कपाटात उभ्या, एकमेकींपासून सुट्या ठेवल्या. पट्ट्यांनी आवळून बांधल्या तर कॅम्बर सतत दबून राहतो.

नाशिकमध्ये कुणाला ट्विन-टिप हातात धरून, टोक पिळून, तळाला तळ लावून कॅम्बरची फट पाहायची असेल तर जरूर या. तक्ता आणि सूत्रही देईन. फक्त बूट सोबत आणा, सोलची लांबी आधी मोजू. बाइंडिंग माझ्या वजनाला आणि सोलला लावलेलं आहे, त्यामुळे या स्की पाहायला मिळतील, वापरायला देता येणार नाहीत.